नऊ प्रश्नांच्या पलीकडचा त्रास

नैराश्य आहे की नाही हे ठरवायला रक्ताची चाचणी नाही, एक्स-रे नाही, एमआरआयही नाही. जगभरातल्या दवाखान्यांत त्यासाठी सर्रास वापरला जाणारा कागद म्हणजे ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी. मागच्या दोन आठवड्यांत झोप लागली का? भूक कशी आहे? कशात मन रमतं का? थकवा येतो का? आपण कुचकामी आहोत असं वाटतं का? जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात का? प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली, की नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी करायची.

आता समजा, तीन माणसांची बेरीज १६ आली. पहिल्याचा कापूस बोंडअळीनं खाल्लाय आणि सावकार दारात उभा आहे. दुसरीचा नवरा रोज पिऊन येतो आणि हात उचलतो. तिसऱ्याचं बाहेरून पाहिलं तर सगळं छान चाललंय, पण त्याच्या आईलाही असंच व्हायचं, आणि दोन-तीन वर्षांनी एकदा त्याच्यावर ही अवकळा येतेच. कागदावर तिघं सारखेच. यात यादीची चूक नाही. कुणाकडे जास्त लक्ष द्यायला हवं हे पटकन कळावं, एवढ्यापुरतीच ती बनवलेली आहे. घोळ होतो तो आपण त्या १६ आकड्यालाच कारण समजायला लागतो तेव्हा. तिघांनाही ‘नैराश्य’ हे नाव मिळतं, गर्दीच्या ओपीडीत तिघांनाही तीच गोळी मिळते, आणि सावकार, नवरा, आनुवंशिकता यांपैकी कशाचाही विषय निघत नाही.

मानसिक त्रासाबद्दल नव्यानं विचार करायला हवा असं जे जगभर म्हटलं जातंय, त्याचं मूळ इथे आहे. हा वाद ‘मनोविकारतज्ज्ञ हवेत की नकोत’ असा नाही, जरी समाजमाध्यमांवर तो तसाच रंगवला जातो. त्रास माणसाच्या डोक्यात शोधायचा की त्याच्या जगण्यात, आणि जगण्यातही शोधायचा असेल तर उपचार कुणी, कुठे आणि कशाचे करायचे, असा तो आहे.

नावं कशी ठरतात

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं ‘डीएसएम’ नावाचं निदानाचं पुस्तक आहे. कोणती लक्षणं, किती आणि किती दिवस असली की कोणता विकार म्हणायचा, ते त्यात लिहिलेलं असतं. १९७३ पर्यंत समलैंगिकता त्यात विकार म्हणून होती. त्या वर्षी संघटनेनं ती काढली. त्या दिवशी कुणाच्या मेंदूत काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते टेबलाभोवती बसलेल्यांचं मत, आणि तेही बाहेर झालेल्या आंदोलनांच्या रेट्यानं.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. याच पुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीत एक सूट होती: जवळचं माणूस जाऊन दोन महिने झाले नसतील, तर सहसा नैराश्याचं निदान करू नये. २०१३ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि ही सूट गेली. सूट काढण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं असं, की शोकातही काही माणसं खरोखर खचून जातात, त्यांना मदत नाकारू नये. विरोधकांचं म्हणणं, की तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रडणाऱ्या बाईला तुम्ही रुग्ण ठरवणार. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला मात्र त्या सूटीबद्दलच वेगळा प्रश्न पडतो: सूट फक्त मृत्यूलाच का होती? नोकरी जाणं, जमीन जाणं, लग्न मोडणं, दंगलीत घर जळणं यांपैकी कशालाच ती कधी नव्हती. माणूस का कोसळला, हे न विचारताच नाव देण्याची सवय आधीपासूनच होती. मृत्यू तेवढा अपवाद होता, तोही गेला.

आणि मग ते सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन. ‘मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं’ हे वाक्य आता आपल्याकडे कट्ट्यावरही ऐकू येतं. १९९० च्या दशकात नव्या गोळ्यांबरोबर ते जगभर पोचलं. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नैराश्य असलेल्यांमध्ये सेरोटोनिन कमी असतं याला सातत्यपूर्ण पुरावा सापडला नाही. यावर बऱ्याच तज्ज्ञांची प्रतिक्रिया होती, ‘यात नवीन काय? आम्हाला हे केव्हाचं माहीत होतं.’ असेलही. पण मग रुग्णांना इतकी वर्षं दुसरंच का सांगितलं गेलं, हे विचारायला नको का?

इथे घाई करू नये. कारण चुकीचं सांगितलं म्हणून गोळी निरुपयोगी ठरत नाही. नैराश्यावरच्या औषधांचा अनेकांना, विशेषतः तीव्र त्रासात, उपयोग होतो. बायपोलरमध्ये, म्हणजे टोकाचा उत्साह आणि टोकाचं नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात, लिथियम या औषधानं कित्येक आयुष्यं रुळावर ठेवली आहेत. स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजारात, औषधं थांबवली की त्रास उलटण्याची शक्यता वाढते, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. घेत असलेली गोळी असा एखादा लेख वाचून मनानं बंद करणं धोक्याचं आहे. ती डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करतात, नाहीतर चक्कर, बेचैनी, झोपमोड असे वेगळेच त्रास मागे लागतात. ‘सगळं परिस्थितीमुळे होतं’ हे म्हणणं ‘सगळं रसायनांमुळे होतं’ याइतकंच आळशी आहे. वर सांगितलेल्या तिसऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

बासाल्यानं न केलेली सही

विचार बदलला तर व्यवहारात काय बदलतं हे पाहायचं, तर इटलीत जावं लागतं.

नोव्हेंबर १९६१ मध्ये फ्रांको बासाल्या नावाचा ३७ वर्षांचा डॉक्टर गोरित्सिया या सरहद्दीवरच्या गावातल्या मनोरुग्णालयाचा संचालक झाला. तरुणपणी फॅसिस्टांविरुद्ध काम केल्याबद्दल तो तुरुंगात राहून आला होता, आणि रुग्णालयात पाय ठेवल्यावर त्याला त्या तुरुंगाचीच आठवण झाली. तिथला रिवाज असा, की रात्री कोणाकोणाला बांधून ठेवलं त्याची नोंदवही सकाळी संचालकापुढे यायची आणि त्यानं सही करायची. बासाल्यानं सही केली नाही.

त्या काळी इटलीत १९०४ चा कायदा चालू होता. माणूस स्वतःला किंवा इतरांना धोकादायक असेल, किंवा त्याच्यामुळे ‘सार्वजनिक लाजिरवाणा प्रकार’ होत असेल, तर त्याला आत टाकायचं, आणि त्याची नोंद गुन्हेगारांच्या दप्तरात करायची. म्हणजे उपचाराची गरज हा निकषच नव्हता.

बासाल्याचं निरीक्षण साधं होतं. वर्षानुवर्षं आत असलेली माणसं भिंतीकडे बघत बसतात, पुढेमागे डुलत राहतात, बोलत नाहीत. सगळे म्हणायचे, आजारच तसा आहे. त्यानं विचारलं, यातलं आजाराचं किती आणि या इमारतीचं किती? ज्याचे कपडे स्वतःचे नाहीत, ज्याला केव्हा जेवायचं हे ठरवता येत नाही, ज्याची बाहेर कुणी वाट पाहत नाही, तो धडधाकट माणूसही दहा वर्षांत काय करेल? म्हणून तो म्हणायचा, आजार थोडा वेळ कंसात, म्हणजे बाजूला, ठेवा. आजार नाहीच असं त्याचं म्हणणं नव्हतं, पण त्याचे विरोधक आणि काही भक्तही आजतागायत तसंच सांगतात. त्यानं दारं उघडली, बांधणं बंद केलं, रुग्ण, परिचारक आणि डॉक्टर यांच्या रोज एकत्र सभा सुरू केल्या. या सभांत गोंधळ भरपूर व्हायचा. पण बोलायची सवय गेलेली माणसं बोलायला लागली.

सगळं गोड झालं नाही. १९६८ मध्ये एका दिवसाच्या सुट्टीवर घरी गेलेल्या रुग्णानं बायकोचा खून केला. बासाल्यावर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. सुधारणेच्या कथा सांगताना हा प्रसंग गाळायचा मोह होतो. गाळू नये. दारं उघडण्यात जोखीम असते. ती जोखीम आणि हजारो माणसं जन्मभर कोंडून ठेवण्याची किंमत, दोन्ही एकाच तराजूत घालावी लागतात.

१९७१ मध्ये तो ट्रिएस्ते शहरातल्या सान जोव्हान्नी रुग्णालयात आला. तिथे सुमारे १,२०० माणसं होती. तिथल्या सगळ्यात प्रसिद्ध गोष्टीचं नाव मार्को काव्हाल्लो. रुग्णालयाचे कपडे वाहणाऱ्या गाडीच्या घोड्याचं हे नाव. १९७३ मध्ये रुग्ण आणि कलाकारांनी मिळून त्याच्या नावानं लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा भला मोठा निळा घोडा बनवला आणि तो शहरातून मिरवायचा ठरवला. फाटकातून घोडा मावेना, तेव्हा फाटक तोडलं. या घोड्याचे फोटो आजही सगळीकडे छापले जातात.

मला त्याच सुमाराची दुसरी, कमी फोटोजेनिक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रुग्णालयात झाडलोट, धुणीभांडी, स्वयंपाकघरातली कामं बरेचसे रुग्णच करत. त्याला ‘काम हाच उपचार’ असं भारदस्त नाव होतं, आणि बदल्यात सिगारेटी किंवा किरकोळ काहीतरी मिळायचं. बासाल्याच्या मंडळींनी या रुग्णांची सहकारी संस्था काढली, रुग्णालयाशी रीतसर कंत्राट केलं आणि त्यांना मजुरी सुरू केली. तेच काम, तीच माणसं, पण महिन्याअखेरी हातात पैसे. त्यानंतर मग खोली भाड्यानं घेण्याची, कॉफी प्यायला बाहेर जाण्याची, ‘मी नाही येणार’ म्हणण्याची गोष्ट सुरू होते. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे फार परकं वाटायला नको.

१३ मे १९७८ रोजी इटलीच्या संसदेनं १८० क्रमांकाचा कायदा केला. नवीन मनोरुग्णालयं बांधायची नाहीत, जुन्यांत नव्यानं भरती करायची नाही. तीव्र त्रासासाठी सर्वसाधारण रुग्णालयात जास्तीत जास्त १५ खाटांचा विभाग. इच्छेविरुद्ध उपचार करायचे तर दोन डॉक्टरांचं मत, महापौरांचा आदेश, न्यायाधीशाची देखरेख आणि सात दिवसांची मुदत, वाढवायची तर पुन्हा कारण द्यायचं. धोकादायकपणा हा निकष गेला, उपचाराची गरज हा आला. बासाल्या दोन वर्षांनी, १९८० मध्ये, मेंदूतल्या गाठीनं वारला. त्याच वर्षी ट्रिएस्तेचं रुग्णालय अधिकृतपणे बंद झालं.

त्याच्या जागी शहरात ठिकठिकाणी मानसिक आरोग्य केंद्रं आली. दिवसरात्र उघडी, प्रत्येकात मोजक्या खाटा, दाराला कुलूप नाही. त्रास वाढला तर माणूस ओळखीच्या केंद्रात चार दिवस राहतो आणि घरी जातो. तिथली माणसं औषध देतात, तसंच भाडं थकलं तर घरमालकाशी बोलतात, कामाची सोय पाहतात. जागतिक आरोग्य संघटना अनेक दशकं ट्रिएस्तेकडे नमुना म्हणून पाहत आली आहे. आता मात्र तिथल्या प्रादेशिक सरकारच्या धोरणांमुळे ही व्यवस्था पातळ होत असल्याची तक्रार तिथलेच जुने डॉक्टर करतात.

इटलीत सगळीकडे ट्रिएस्ते झालं नाही. कायदा एका दिवसात झाला, पण केंद्रं उभारायला अनेक प्रांतांनी वर्षानुवर्षं घेतली. तोवर आजारी माणूस घरी आणि म्हातारी आई त्याच्या उशाशी. तिथल्या कुटुंबांनी कायद्यावर केलेली टीका ही प्रतिगामी लोकांची कुरकुर नव्हती. जुनी मनोरुग्णालयं पुरती बंद व्हायला १९९० च्या दशकाची अखेर उजाडली.

अमेरिकेत तर याहून वाईट झालं. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. नवी औषधं आली, मग १९६३ मध्ये केनेडींनी समाजात मानसिक आरोग्य केंद्रं उभारायच्या कायद्यावर सही केली. रुग्णालयं रिकामी झाली, पण ठरवलेल्या १,५०० केंद्रांपैकी निम्मीच्या आसपासच उभी राहिली. माणसं फुटपाथवर आली, आणि तिथून तुरुंगात. आज लॉस एंजेलिस आणि शिकागोच्या तुरुंगांची गणना देशातल्या सर्वांत मोठ्या मानसोपचार केंद्रांत होते. ट्रिएस्ते आणि लॉस एंजेलिस यांच्यातला फरक विचारसरणीचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे: रुग्णालयातून वाचलेला पैसा आणि तिथली नोकरमाणसं एका ठिकाणी रुग्णाच्या मागोमाग शहरात गेली, दुसऱ्या ठिकाणी गेली नाहीत.

ठाणे, येरवडा आणि घर

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. यांतल्या पहिल्या दोन गावांची नावं तर आपल्याकडे थट्टेतच जास्त येतात. ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. थट्टेचा भाग सोडला तर या इमारतींत वर्षानुवर्षं अडकलेली माणसं आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना आता रुग्णालयात राहण्याची गरज नाही. घरचे न्यायला येत नाहीत, पत्ता चुकीचा दिलेला असतो, भावानं जमीन नावावर करून घेतलेली असते.

आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. तो या बाबतीत स्पष्ट आहे: घरचे स्वीकारत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्या कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. साखळीनं बांधायला बंदी. भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षेऐवजी मदत द्यायची. विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखाच मानसिक आजार धरायचा. कागदावर हा कायदा इटलीच्या कायद्याच्या जवळ जाणारा आहे. बाहेरची सोय कुठे आहे, हा प्रश्न मात्र इथेही तोच.

सोय करता येते, याचे दाखले आहेत. चेन्नईची ‘द बॅनियन’ ही संस्था १९९३ पासून काम करते. रुग्णालयात वर्षं काढलेल्या बायकांना साध्या वस्तीत भाड्याचं घर घेऊन द्यायचं, चार-पाच जणींनी एकत्र राहायचं, मदतीला एक-दोन कार्यकर्त्या, असा त्यांचा ‘होम अगेन’ हा उपक्रम. तो रत्नागिरीपर्यंत पोचला आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून, उपचार करून, देशभरात त्यांच्या त्यांच्या गावी पोचवते. २०१८ मध्ये वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हरवलेला मुलगा दहा वर्षांनी परत आलेला पाहून ‘याचा अंत्यविधीही उरकून घेतला होता’ म्हणणारी घरं त्यांना भेटली आहेत.

रुग्णालयाच्या अलीकडे आणखी एक ठिकाण आहे, ज्याबद्दल शिकलेली माणसं फक्त नाक मुरडतात: दर्गा, देवस्थान, देवऋषी. तामिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि २८ माणसं जळून मेली. साखळ्यांनी बांधलेली असल्यामुळे त्यांना पळता आलं नाही. अशा प्रकारांना माफी नाही, आणि अघोरी प्रथांविरुद्ध आपल्याकडे २०१३ पासून कायदाही आहे. पण लोक तिथे का जातात, हे समजून घेतलं पाहिजे. तिथे गर्दीत आपल्यासारखंच भोगणारी दुसरी कुटुंबं भेटतात. तिथे कुणी तीन मिनिटांत पुढचा नंबर पुकारत नाही. आणि ‘बाहेरचं झालंय’ म्हटलं की दोष माणसाचा राहत नाही, त्याला लागलेल्या बाधेचा होतो. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात म्हणूनच ‘दवा-दुआ’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला: मुजावरांनी दुआ द्यायची आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या डॉक्टरकडेही पाठवायचं. काही विवेकवादी मित्रांना ही तडजोड वाटते. साखळी सुटत असेल तर मला चालेल.

डॉक्टर नसलेल्यांनी केलेले उपचार

भारतात एक लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ येत नाही. जे आहेत ते बहुतेक शहरांत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की वेगवेगळ्या विकारांसाठी ७० ते ९२ टक्के गरजूंपर्यंत उपचार पोचतच नाहीत. तज्ज्ञ वाढेपर्यंत थांबायचं तर दोन पिढ्या जातील.

गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’नं म्हणून वेगळा प्रयोग केला. मानसशास्त्र न शिकलेल्या स्थानिक माणसांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवायचं. तीव्र नैराश्य असलेल्यांशी त्यांनी सहा ते आठ वेळा बोलायचं. यात मनाच्या तळाशी वगैरे जायचं नव्हतं. दिवस कसा जातो ते विचारायचं, सुटलेली एखादी छोटी गोष्ट पुन्हा सुरू करायला लावायची, घरातल्या एखाद्या अडचणीवर काय करता येईल ते मिळून पाहायचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ च्या सुमारास त्याचे निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी या लोकांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या पद्धतीनं डॉक्टरांकडे गेलेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं.

विदर्भात ‘विश्राम’ या प्रकल्पानं अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत असंच काम केलं. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जायचे, ‘टेन्शन’विषयी बोलायचे, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि पुढे डॉक्टरकडे न्यायचे. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कुठल्याही आरोग्यसेवेपर्यंत पोचत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्के झालं. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर आपण इतकं लिहिलं-बोललं आहे, की गावपातळीवर काय उपयोगी पडतं हे सांगणारा असा आकडा त्या गदारोळात हरवून जातो.

पुण्याच्या आयएलएस (इंडियन लॉ सोसायटी) संस्थेतल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा ‘आत्मीयता’ हा प्रकल्प नाशिक जिल्ह्यातल्या गावांत सुरू झाला आणि मग गुजरातच्या मेहसाण्यात गेला. त्यात गावातलीच, लोक ज्यांच्याकडे तसेही मन मोकळं करतात अशी माणसं निवडतात. ती चार ते सहा वेळा बसून ऐकतात, आणि सोबत सरकारी योजनांचे अर्जही भरून देतात. विधवा बाईला निराधार योजनेचं अनुदान मिळवून देणं, तलाठ्याकडे खेटे घालणं हा त्यात उपचाराचाच भाग धरलेला आहे. सुरुवातीच्या तीन माणसांपैकी पहिल्या दोघांना खरं तर हे आधी हवंय.

या मार्गाच्या मर्यादाही पाहायला हव्यात. स्किझोफ्रेनियासाठी तामिळनाडू, गोवा आणि सातारा इथे असाच प्रयोग झाला: डॉक्टरांच्या उपचारांना घरी येणाऱ्या कार्यकर्त्याची जोड. २०१४ मध्ये आलेले निष्कर्ष बेताचे होते. फायदा झाला, पण थोडा, आणि मुख्यतः तामिळनाडूच्या ग्रामीण भागात. गंभीर आजारात नुसत्या आपुलकीनं भागत नाही. औषध, तज्ज्ञ, राहायची जागा आणि काम, सगळंच लागतं.

उलट काही बाबतीत समुपदेशकाचीही गरज नसते. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असणाऱ्यांपैकी होतं. सरकारनं टप्प्याटप्प्यानं सर्वांत विषारी कीटकनाशकं बाजारातून काढून घेतली. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं, आणि शेतीचं उत्पादन त्यामुळे घटल्याचं दिसलं नाही. तीव्र लहर ओसरेपर्यंत घातक वस्तू हाताशी नसली, की बरीच माणसं जगतात आणि नंतरही जगत राहतात. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देणारी योजना टप्प्याटप्प्यानं लागू झाली. ती मानसिक आरोग्यासाठी नव्हतीच, तरी जिथे पोचली तिथे आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाल्या. कृषी खातं आणि महसूल खातं ही मानसिक आरोग्याची खाती आहेत, असं म्हटलं तर मंत्रालयात हसतील. आकडे मात्र तेच सांगतात.

‘समाजाधारित उपचार’ या गोंडस शब्दाबद्दल माझी एक तक्रार आहे. समाज म्हणजे प्रत्यक्षात कोण? घरात असेल तर आई, बायको किंवा सून, गावात असेल तर आशाताई. आशाताईंकडे आधीच लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोगाच्या गोळ्या आणि येईल ते सर्वेक्षण आहे. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि त्यासाठीही महाराष्ट्रात त्यांना २०२१ आणि २०२३ मध्ये संपावर जावं लागलं. केंद्राच्या आरोग्यखर्चात मानसिक आरोग्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मोठ्या संस्थांना जातो. बिनपगारी बायकांच्या खांद्यावर उभं केलेलं प्रारूप अभ्यासाच्या दीड वर्षात चालतं. पुढे दहा वर्षं चालायचं असेल तर त्या ऐकून घेण्याला नोकरीचा दर्जा आणि पगार द्यावा लागेल.

सध्या जे हाताशी आहे त्यातल्या दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर तिथे फोन करावाच, आणि जवळच्या एखाद्या माणसाला सांगून त्याला सोबत थांबवून घ्यावं. दुसरी गोष्ट कायद्यातली आहे आणि बहुतेकांना ठाऊक नसते. उद्या आपल्याला असा त्रास झाला आणि निर्णय घेता आला नाही, तर आपल्या वतीनं कोणी बोलावं, ते आपण आत्ताच, धड असताना ठरवून ठेवू शकतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतो. ती व्यक्ती नवरा, बायको किंवा भाऊच असायला हवी असं नाही. मैत्रीण असू शकते, शेजारी असू शकतो. फक्त ती सज्ञान हवी आणि तिची तयारी हवी. नेमणूक केव्हाही बदलता येते.